पॉलिशवाल्या अनंताचं नाक

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पॉलिशवाले पैशाला पासरी मिळतील, पण नाकवाला एकच, अनंता. आता तुम्ही म्हणाल, पॉलिशवाल्याला हात लागतो, नाक कशाला हवं? अहो, घासताना भुसा उडाला की हा माणूस डोळे मिटून सांगायचा, हे सागवान नव्हे, सागवानाचा रंग फासलेली बाभूळ आहे. स्पिरिटमध्ये कुणी पाणी घातलं असेल तर डब्याचं झाकण उघडताच त्याच्या कपाळाला आठी पडायची. आणि शेवटचा हात सुकला की तो कपाटापाशी वाकायचा, नाक लाकडापासून चार बोटांवर न्यायचा, एकदाच हुंगायचा आणि म्हणायचा, "गेला वास. आता लावा खुशाल दिवा." त्यानंतर मालक मुकेशशेठ दुसऱ्या कुणाला विचारायचा नाही. 'अनंताने सूंघा, मतलब ओके' हे शेठचं गिऱ्हाइकापुढचं ठरलेलं वाक्य होतं.

सतराव्या वर्षी अंबरनाथहून येऊन तो ज्या उस्तादाच्या हाताखाली लागला, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की डोळा फसतो, हात फसतो, नाक फसत नाही. अनंताने ते मंत्रासारखं धरलं. पस्तीस वर्षं त्या एका नाकावर त्याची भाकर चालली.

आणि ते नाक गेलं. कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा चाळीत सगळ्यांनाच ताप आला, सगळ्यांचाच वास गेला, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांचा परत आला. अनंताचा आला नाही. तो रोज सकाळी थिनरचा डबा नाकाशी धरायचा, आणि डब्यात जणू विहिरीचं पाणी असावं तसं काहीच यायचं नाही. घाबरला बिचारा. नाक गेलेल्या पॉलिशवाल्याला कोण विचारतो? बावन्न वर्षांच्या माणसाने नवा धंदा कुठून आणायचा?

घरात कळायला मात्र वेळ लागला नाही. एकदा बायको माया पाण्याला गेली, आणि परत येऊन बघते तर डाळ जळून कोळसा झालेली, पातेल्यातून धूर निघतोय, आणि चुलीकडे पाठ करून नवरा आपला पेपर वाचतोय. ती काही ओरडली नाही. तिने शेगडी बंद केली, दार उघडलं आणि त्याच्यासमोर बसून सांगितलं की हे शेठच्या कानावर घाल, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल. तो हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी कामावर तो नेहमीसारखा वाकला, नेहमीसारखं हुंगून म्हणाला, "गेला वास." मनातल्या मनात त्याने घड्याळाचे तास मोजले होते, नखाने कोपरा दाबून पाहिला होता. बरोबर निघालं. मग पुढच्या वेळीही बरोबर निघालं. चोर एकदा सुटला की त्याला वाटतं पोलीसच आंधळे आहेत. अशी चार वर्षं गेली.

यंदा बदलापूरचं काम आलं. पद्मजा नावाच्या बाईंचं घर, तिसऱ्या मजल्यावर, नवं कोरं. ही पद्मजा कुठल्याशा ऑफिसात कामाला. दोन वर्षं तिने दुसरं काही केलंच नाही म्हणा ना, जिथे जाईल तिथे भिंती बघायच्या, खुर्च्या बघायच्या, छताला लटकलेले दिवे बघायचे आणि मोबाइलमध्ये फोटो काढायचे. एका हॉटेलातल्या वेताच्या दिव्यासाठी म्हणे तिने जेवण थंड होऊ दिलं. त्या शेकडो फोटोंतून तिने बैठकीची एक भिंत ठरवली होती. पूर्ण सागवानी, मधोमध कोनाडा, कोनाड्यात तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, वरून तो वेताचा दिवा. भिंत उभी राहिली तेव्हा अनंतासुद्धा बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या घरात एक ट्यूबलाइट आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. पण असं काही आपल्या हातून घडलं की त्याला उगाचच उंच झाल्यासारखं वाटायचं.

पद्मजाची सासू भिमाबाई रोज दुपारी डबा घेऊन यायची. सत्तरी ओलांडलेली, पण काटक बाई. तिच्या नवऱ्याने, शंकररावांनी, अंबरनाथच्या कारखान्यात हयात काढली आणि घर घ्यायचं घ्यायचं म्हणता म्हणता भाड्याच्या खोलीतच डोळे मिटले. त्यामुळे पौर्णिमेला त्या कोनाड्यापुढे आपल्या हाताने मेणबत्ती लावायची आणि वंदना म्हणायची, एवढंच तिचं मागणं होतं.

पौर्णिमेच्या दिवशी अनंताने शेवटचा हात मारला. आरशासारखं पॉलिश हवं असेल तर धुळीचा कणसुद्धा चालत नाही, म्हणून खिडक्या लावल्या, फटींना कागदी टेप चिकटवली, पंखे बंद केले आणि जमिनीवर पाणी मारून ठेवलं, म्हणजे धूळ खालीच बसते. जमिनीवर पसरलेलं प्लास्टिकही भिजलं. सगळं उस्तादाने शिकवल्याप्रमाणे. संध्याकाळी शेठ आणि पद्मजा दिवा आणायला उल्हासनगरला गेले होते. अनंता सामान आवरत होता, तेवढ्यात पांढरं लुगडं नेसून, कापडात गुंडाळलेली मूर्ती आणि तसबीर छातीशी धरून भिमाबाई आली.

तिने मूर्ती आणि तसबीर कोनाड्यात मांडली, शेजारी शंकररावांचा फोटो ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या तिच्या. अनंताला वाटलं, नवऱ्याची आठवण आली. त्याचेही डोळे चुरचुरत होते, पण ते गेली एकोणचाळीस वर्षं चुरचुरतच होते, त्यात नवल ते काय?

"अनंता, वास गेला का रे? लावू मेणबत्ती?"

तो वाकला. नाक चार बोटांवर नेलं, हुंगलं. समोर ओली जमीन चमकत होती. घड्याळाच्या हिशेबाने वेळ भरत आली होती, आणि म्हातारी आशेने बघत होती.

"गेला, आई. लावा खुशाल."

पिशवी खांद्यावर टाकून, थिनरचा डबा उचलून तो निघाला. पहिल्या मजल्यावर एक बाई दारात उभी होती, नाकाला ओढणी गच्च लावून. तिने त्याला थांबवलं आणि चिडून विचारलं की हे अजून किती दिवस चालणार आहे, दुपारपासून घरात डोळे उघडवत नाहीत, पोरगी रडतेय. अनंता काहीतरी पुटपुटला आणि दोन पायऱ्या उतरला. मग त्याला हातातला डबा जाणवला. पाच लिटरचा डबा, सकाळीच फोडलेला, आणि बोटांना लागत होता रिकाम्या डब्यासारखा. त्याने झाकण चाचपलं. ते सैल होतं. डबा दुपारी कोनाड्याखाली आडवा पडलेला सापडला होता, तेही त्याला आत्ता आठवलं. त्याने तो नुसता सरळ केला होता. प्लास्टिकवर जे चमकत होतं ते सगळं पाणी नव्हतं.

म्हातारीच्या डोळ्यांतल्या त्या धारा.

डबा तिथेच टाकून अनंता वर धावला. दोन मजले, छप्पन्न वर्षांचे गुडघे, आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं की आता, आता. दार ढकललं तेव्हा भिमाबाई त्या ओल्या प्लास्टिकवरच उभी होती, अनवाणी. डाव्या हातात काडेपेटी, उजव्या हातात काडी, काडी पेटीला टेकलेली.

"आई, ओढू नका," तो म्हणाला. "मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

ती हलली नाही. काडी तिथेच राहिली.

"मलापण नाही येत रे," ती हळूच म्हणाली. "त्याच तापात गेला. म्हणून तर तुला विचारलं."

दोन आंधळ्यांनी एकमेकांना रस्ता विचारावा तसं झालं होतं, आणि त्यातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलंही होतं की सरळ जा. त्याने तिला दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं, आत जाऊन टेप ओरबाडली, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. वारा आला आणि तिथली सगळी सिमेंटची धूळ त्या आरशासारख्या भिंतीवर येऊन बसली.

थोड्या वेळाने शेठ आणि पद्मजा दिव्याचा खोका घेऊन आले. नाकाला रुमाल लावून शेठने भिंतीवरून बोट फिरवलं, ते खरखरीत लागलं.

"अनंता, ये क्या? सूंघा नहीं था?"

"शेठ, मी चार वर्षं नुसता वाकतोय," अनंता म्हणाला. आणि सगळं सांगितलं, डाळीपासून डब्यापर्यंत; म्हातारीची काडी कशी थांबली तेवढं मात्र सांगायचं राहिलं. उद्यापासून येऊ नको असं शेठ म्हणाला नाही, पण त्याने तोंड फिरवलं त्यातच ते आलं.

पद्मजा मात्र सासूला मिठी मारून उभी होती. नशीब, आईंना वेळेत वास आला, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आता नव्या घरात स्वयंपाकघर आईंच्याच हवाली, मी दिवसभर ऑफिसात असले तरी मला गॅसची काळजी नको.

भिमाबाईने सुनेच्या खांद्यावरून अनंताकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. चार वर्षं तो तीच नजर घेऊन मायासमोर जेवायला बसत होता. बोलू नको रे, एवढंच ती मागत होती. सुनेच्या घरात म्हाताऱ्या बाईकडे चूल सोडून असतं तरी काय?

तो पिशवी घेऊन दारापर्यंत गेला. तिथून परत फिरला.

"ताई, त्यांनाही वास येत नाही. एकटीला गॅसपाशी सोडू नका."

पद्मजाची मिठी सुटली. तिने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. भिमाबाईने अनंताकडे बघितलंही नाही. तिच्या मुठीत काडेपेटी अजून तशीच होती. ती तिने सुनेच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.