रानडुकराची मांजर

पांतेलिमोनला ट्रकवाल्यांच्या रेडिओवर सगळे रानडुक्कर म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. बाकीच्यांनी ससाणा, वादळ, काळा घोडा अशी नावं घेतली. या बाबाला डुक्कर सुचलं. वासलुई शहराकडचा गडी, मान आणि डोकं एकाच जाडीचं. तोंड असं की त्याचा आवाज आला की नाद्लाकला हंगेरीच्या हद्दीवर रांगेत थांबलेले बाप घरी लेकरांना लावलेला फोन आधी बंद करायचे.

ट्रकवाल्यांचा रेडिओ म्हणजे गावचा पारच. पुढे अपघात कुठे झालाय, पोलीस कुठल्या झाडामागे दबा धरून बसलेत, कुठल्या खाणावळीतलं सूप कालचं आहे, सगळं त्यावर कळतं. एकाने बटण दाबून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रानडुकराने मात्र त्याचा वेगळाच उपयोग शोधून काढला होता. कुणी बायकोच्या आठवणीने चार शब्द हळू बोलला, की हा माईक उचलून त्याची सालटी काढायचा. क्राइओवाच्या एका बिचाऱ्याने केबिनमध्ये छोटं झिपरं कुत्रं ठेवलं, तर याने त्याला आठवडाभर विचारलं, पाळणा कधी बांधतोस आणि बारसं कधी.

आणि हे सगळं बोलताना त्याच्या शेजारच्या सीटवर, धुतलेल्या उशीवर, मांजर झोपलेली असायची.

तिचं नाव कोकोना, म्हणजे बाईसाहेब. कुणी विचारलंच तर म्हणायचा, उंदरांसाठी ठेवलीय, मालाची नासधूस करतात. माल काय, तर लोखंडी तारेची भेंडोळी. तार कुरतडणारा उंदीर जगात कुठे निपजलाय देव जाणे, पण रानडुकराला उलट विचारायची कुणाची छाती नव्हती. बाईसाहेब टर्कीचं उकडलेलं मांस खात, तेही बारीक करून दिलं तर. हा स्वतः पाव, कांदा आणि खारवलेल्या चरबीचे तुकडे चावत गाडी हाकायचा. तिला ऊन लागू नये म्हणून खिडकीला आडवा टॉवेल लावलेला असे, आणि त्या टॉवेलाला घरच्या लग्नातल्या टॉवेलासारखी लाल नक्षी होती. तो त्याच्या स्वतःच्या लग्नातलाच टॉवेल होता.

आता लग्नाचं. याची बायको आग्लाया आठ-नऊ वर्षांपासून इटलीत, क्रेमोनाला, एका म्हातारीची सेवा करायला राहिलेली. आमच्याकडे अर्ध्या गावाच्या बायका तिकडे अशाच गेल्यात, त्यात विशेष काही नाही. पण ती याला न विचारता गेली, हे याच्या घशात हाडासारखं अडकलं. महिन्यातून दोनदा क्रेमोनाच्या फाट्यावरून याचा ट्रक जायचा आणि हा काही वळायचा नाही. सणावाराला फोन व्हायचा, हवापाणी विचारून व्हायचं, संपलं.

जूनमध्ये तिची म्हातारी वारली. दुसऱ्या एका घरातून लगेच बोलावणं आलं, ऑगस्टातल्या मरियमच्या सणापर्यंत काय ते सांगा म्हणाले. आग्लायाने नवऱ्याला फोन केला आणि सरळ विचारलं, मी नवीन घर धरू की परत येऊ? तू ये म्हण, मी येते. यावर रानडुकराने काय म्हणावं? म्हणाला, तुझी मर्जी. अशा माणसाला काय म्हणावं तुम्हीच सांगा. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, पण इथे तर दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्याचेच गहू पडून राहिले.

सणाच्या आदल्या दिवशी तो नाद्लाकला रांगेत उभा होता. तेव्हा हद्दीवरचे अडसर अजून उठले नव्हते. पलीकडे हंगेरीत जायला ट्रकांची रांग पार गावापर्यंत लागायची. ऊन मी म्हणत होतं. काचा वर, गार हवा चालू. आणि माईक हुकावरून निसटून सीटवर पडला होता, बटण वर. बाईसाहेब आल्या, दोनदा गोल फिरल्या आणि त्याच्यावर बसल्या.

ज्याचं बटण दाबलेलं, त्याचा आवाज सगळ्यांना जातो. त्याला मात्र कुणाचाच येत नाही. आणि बाईसाहेबांचं वजन काही कमी नव्हतं.

रांगेत आधी ऐकू आलं ते असं, की आज शी नीट झाली का माझ्या राणीची, काल किती त्रास झाला पोटाला, थांब, पुढच्या थांब्यावर भोपळा उकडून देतो. लोकांना आवाज ओळखू येईना. आला तेव्हा विश्वास बसेना. मग ट्रकांची दारं भराभर उघडली, लोक एकमेकांच्या केबिनमध्ये चढून बसले. घडीच्या खुर्च्या आल्या, सूर्यफुलाच्या बियांचे पुडे फुटले. रानडुक्कर मांजरीला गाणं म्हणून दाखवत होता. क्राइओवाचा तो झिपऱ्या कुत्र्यावाला तर हसून हसून रस्त्यावर बसला, आणि त्याला कोण नावं ठेवणार? मांजर डोळे मिटून दूध पिते तरी जग बघत असतं म्हणतात. इथे डोळे मिटलेला मांजरीचा मालक होता. चार पावलं चालत जाऊन काचेवर टकटक करायला कुणाचे पाय मोडले होते? पण फुकटचा तमाशा कोण थांबवतो.

त्याच रांगेत, थोडा मागे, आग्लायाचा धाकटा भाऊ सिल्व्हेस्त्रू होता. तोही हसत होता. मग रेडिओवर त्याच्या बहिणीचं नाव आलं आणि तो हसायचा थांबला.

रानडुक्कर मांजरीला सांगत होता की उद्या शेवटचा दिवस आहे. मला ये म्हणायचं होतं गं, तोंडातून निघालं तुझी मर्जी. जीभ हासडून काढावी अशी. मग म्हणाला, बस अशीच, तू आग्लाया. आणि तालीम सुरू झाली. आधी म्हणाला, आग्लाया, छप्पर गळतंय. ते त्यालाच पटलं नाही, छप्पर गवंडी बघेल. मग म्हणाला, आग्लाया, हिवाळ्याचा कोबी खारवायला कुणी नाही. म्हणाला, छे, ती म्हणेल विकत आण. असं बरंच चाललं. रांगेत लोकांनी पोटं धरली होती.

शेवटी त्याने सगळी निमित्तं सोडून दिली. आणि तो हळूच म्हणाला, "आग्लाया, ये घरी. तुझ्यावाचून घर खायला उठतं. म्हणून तर मी या डब्यात मांजरीशी बोलत राहतो. चुकलं माझं. ये घरी."

बिया चघळायच्या थांबल्या. सगळ्यांच्याच बायका कुठे ना कुठे लांब होत्या. सिल्व्हेस्त्रूने तोवर बहिणीला फोन लावून तो रेडिओच्या जाळीला टेकवून धरला होता. "ये घरी" तिने ऐकलं. दोन्ही वेळा ऐकलं.

फोन तसाच हातात घेऊन तो पुढे चालत गेला, दार उघडलं आणि म्हणाला, "दाजी, मांजरीला उचला. ती माईकवर बसलीय."

पांतेलिमोनने तिला उचललं. त्याबरोबर रेडिओवर आवाजांचा बांध फुटला. शिट्ट्या, म्याव म्याव, कुणी भोपळ्याचा भाव विचारतंय, कुणी बारसं कधी म्हणून विचारतंय. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग कसलाच राहिला नाही. सिल्व्हेस्त्रूने हात लांब करून रेडिओ बंद केला आणि फोन त्याच्यापुढे धरला. खाली गर्दी जमली होती. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"पांते," आग्लाया म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "मी सामान बांधते. पण मांजरीला म्हणालास ते मला म्हण. एकदाच. मला बाकी काही नको."

आता बघा. हद्दीवरच्या सगळ्या ट्रकवाल्यांना जे कळलं होतं, शेजारच्या बल्गेरियन गाडीवाल्यालासुद्धा अर्धंमुर्धं कळलं होतं, ते पुन्हा म्हणायला काय लागतं? लाज तर गेलीच होती, राखायला उरलं काय होतं? दोन शब्द होते. त्याने तोंड उघडलं. खाली बघितलं, तर हे सगळे टोप्या मागे सारून त्याच्याकडे टक लावून बघतायत, झिपऱ्या कुत्र्यावाला कुत्र्याला खांद्यावर घेऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

"ऐकलंस ना सगळं?" तो म्हणाला. "मग परत परत तेच काय."



"बरं," आग्लाया म्हणाली. "तू मांजरीला बोलावलंस, ती आहेच तुझ्याजवळ. जप तिला." आणि तिने फोन ठेवला.

सिल्व्हेस्त्रूने फोन खिशात टाकला. दाजींना शिवी द्यावी असं त्याच्या मनात होतं, पण त्यांच्याकडे बघून त्याच्याने ती देववली नाही. लोक आपापल्या गाड्यांकडे गेले. रांग पुढे सरकली. पांतेलिमोनच्या पुढे दहा ट्रक मावतील एवढी जागा मोकळी झाली तरी तो स्टिअरिंग धरून बसून राहिला, आणि मागच्यांनी, जे एरवी दोन हात जागा सुटली तरी बोंब मारतात, भोंगा वाजवला नाही.

आग्लायाने सणाच्या दिवशी नवीन घर धरलं. नव्वदीचा म्हातारा आहे, चिडका आहे, पण दिवसभर बोलतो म्हणे तिच्याशी.

आणि रानडुक्कर हे नाव त्या दिवसापासून सुटलं. ट्रकवाल्यांची जात मेली दुष्ट. हसायचं सोडलं तरी नाव ठेवायचं सोडत नाही. आता रेडिओवर त्याला सगळे "ये घरी" म्हणतात. त्याने शिव्या देऊन पाहिल्या, आठवडाभर रेडिओ बंद ठेवून पाहिला, पण रेडिओशिवाय हा धंदा होत नाही. नवीन पोरांना तर ते नाव कुठून आलं तेही ठाऊक नाही. आरादपासून नाद्लाकपर्यंत कुणी ना कुणी हाक मारतंच: ये घरी, ये घरी, पुढे पोलीस आहेत, हळू घे. मग तो माईक उचलतो आणि ऐकलं म्हणतो.