मुक्ताच्या मेंदूतली दारं

रत्नागिरीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. हलकी होती ती माझ्या कपड्यांची. जड होती ती अजून जन्माला न आलेल्या नातवंडाची: घाण्यावरचं खोबरेल, मसुराचं पीठ, धुरीला ओवा आणि वावडिंग, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. सुनेला, केतकीला, आई नाही. म्हणून बाळंतपणाला मी निघाले होते. घरी गडबडीत हातावर दही घालायचं राहिलं, तर माझी धाकटी जाऊ सुमन दह्याची वाटी पदराखाली धरून रिक्षानं स्टँडवर आली. भर गर्दीत माझ्या तळहातावर दही घातलं आणि वर दम दिला, "बाळाचं न्हाऊमाखू झालं की परत यायचं हो वहिनी. पुणेकरीण होऊन आलात तर दारच्या खळ्याबाहेर उभी करीन."

मी हसले. जाणारच होते परत. कलमांना मोहोर यायच्या आत यायचं, असं मी गड्यालाही सांगून ठेवलं होतं. म्हणजे बघा, केवढा तो विश्वास! त्या वेळच्या मला मी 'तरुणपणीची मी' म्हणते. साठी उलटलेली होती, पण अक्कल कोवळीच होती.

त्या बाईची आणखी ओळख करून द्यायला हवी. रत्नागिरीत हायस्कूलवर ती वर्षानुवर्षं शास्त्र शिकवायची. फळ्यावर रंगीत खडूंनी मेंदूची पेशी काढायची आणि ठणकावून सांगायची, "मेंदू म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. इकडून तार, तिकडून तार. पुढचा धडा." एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, पण तारेत वीज येते कुठून?" बाईंनी तिला "परीक्षेला नाहीये" असं म्हणून खाली बसवलं. आज त्या बाई भेटल्या तर त्यांना वर्गाबाहेर अंगठे धरून उभं करीन.

पुण्याचं घर नवव्या मजल्यावर. खाली बघायचं झालं तर मी कठडा घट्ट धरायचे. लिफ्टमध्ये शेजारीण "हाय आँटी" म्हणायची. मी आपली "हो, हो" म्हणायचे. वॉचमन, पार्किंग, सोसायटीचा ग्रुप, सगळं हळूहळू अंगवळणी पडलं. मुक्ता जन्मली आणि मग तर मला रत्नागिरीची आठवण काढायलाही सवड राहिली नाही.

बाळाला न्हाऊ घालणं हे माझं राज्य. पाय पसरून पाटावर बसायचं, पोर पायांवर पालथं घ्यायचं, आणि कढत पाणी, चांगलं कढत, तांब्यानं पाठीवर धरायचं. माझी आई म्हणायची, "अंग लाल झालं पाहिजे, तर पोर झोपतं." आमच्याकडे पोरावरची माया पाण्याच्या वाफेवरून ओळखतात. केतकीनं पाण्यात सोडायला एक प्लास्टिकचं बदक आणलं होतं. पाणी किती ऊन आहे ते त्याच्या पोटावर आकड्यात दिसायचं. मी ते उचलून खिडकीत ठेवलं. म्हटलं, "माझं कोपर काय मेलंय?"

मुक्ता सहा महिन्यांची होत आली होती. एका सकाळी पाण्याचा दुसराच तांब्या घातला आणि तिचा उजवा हात झटके देऊ लागला. मला आधी वाटलं, खेळत्ये. मग तिला उलटी केली तर डोळे एका बाजूला ओढलेले, ओठ निळसर. मी तिला तशीच ओली छातीशी धरून केतकीला हाक मारली. ती हाक माझी मलाच ओळखू आली नाही. हॉस्पिटलात पोचेपर्यंत हात चालूच होता.

त्यानंतर फिट्स येतच राहिल्या. ताप आला की, ऊन लागलं की, कधी काहीच नसताना. ईईजी झाला, एमआरआय झाला, औषध सुरू झालं. ते औषध बहुतेकांना लागू पडतं, पण मुक्ताच्या फिट्स वाढल्या. केतकी माझ्याशी नीट बोलत होती, ताटही वाढत होती, फक्त मुक्ताला न्हाऊ घालायला आता ती स्वतःच घेऊन जायची आणि बाथरूमचं दार आतून लावून घ्यायची. मुलगा नीरज दोघींच्या मधून मान खाली घालून जायचा.

रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं आणि रिपोर्ट आला, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरणीनं आम्हा तिघांना समोर बसवलं. लहान चणीची, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची बाई. तिनं कोऱ्या कागदावर पेशी काढली. माझ्या फळ्यावरच्या पेशीसारखीच, फक्त हिच्या पेशीच्या कडेला बारीक बारीक दारं होती.

"ह्यांना आयन चॅनल म्हणतात," ती म्हणाली. "बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. सोडियमचं दार क्षणभर उघडतं, सोडियम आत घुसतो, आणि तीच वीज पुढे पळते. लगेच ते दार मिटतं, पोटॅशियमचं उघडतं, पेशी शांत होते."

तारेत वीज येते कुठून, त्याचं उत्तर मला असं मिळालं. ती मुलगी कुठे असेल कोण जाणे.

मला ते चटकन समजलं, आणि चटकन चुकीचं समजलं. माझं माहेर पूर्णगडच्या खाडीकाठी. तिथे खारजमिनीला बांध असतो आणि बांधाला लाकडी झापेची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. भरतीचा रेटा आला की झाप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं गोडं पाणी बाहेर जातं. चिंबोऱ्या, कोलंबी आत याव्यात म्हणून कुणी झापेत दगड अडकवायचं, आणि मग खारं पाणी शिरून भातशेती जळायची. वडील संतापायचे, "तिला तिचं काम करू द्या रे!" मी डॉक्टरणीला म्हटलं, "म्हणजे हिची दारं उघडी राहतात. मग ती बंद करणारं औषध वाढवा की."

ती म्हणाली, "आजी, सगळ्यांना असंच वाटतं. हिचं उलटं आहे."

तिनं दुसरी पेशी काढली. मेंदूत काही पेशी बोलणाऱ्या असतात, तर काही त्यांना गप्प करणाऱ्या. मुक्ताच्या जनुकातली चूक गप्प करणाऱ्या पेशींना जास्त नडते. त्यांची सोडियमची दारं निम्मीच कामाची. त्यामुळे त्या वेळेवर जाग्याच होत नाहीत, आणि बाकीच्या एकदम ओरडत सुटतात. अंग तापलं की आणखीच. पहिलं औषध सोडियमची दारं अडवणारं होतं. त्यानं होत्या नव्हत्या त्या गप्प करणाऱ्या पेशीही गप्प झाल्या.

"मग आता?" केतकीनं विचारलं.

आता दुसरीकडून जायचं, डॉक्टरीण म्हणाली. गप्प करणारी पेशी एक रसायन सोडते. ते समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, तिथलं दार उघडतं, क्लोराइड आत जातं आणि ओरडणारी पेशी निवते. नवं औषध ते दार स्वतः उघडत नाही. रसायन येतं तेव्हाच ते कामाला येतं आणि दार जास्त वेळा उघडायला लावतं. "थोडक्यात, कमी आवाजातलं 'शू' नीट ऐकू यावं, एवढंच करतो आपण."

मी विचारायचं ते शेवटी विचारलं. "माझ्या पाण्यानं झालं का हे?"

"पाण्यानं आजार दिला नाही, आजी. दाखवला."

केतकीनं टेबलाखालून माझा हात धरला. तिचा हात गार होता. तोवर मी तिच्यापुढे रडले नव्हते.

फिट्स कमी झाल्या. गेल्या मात्र नाहीत. मुक्ता उशिरा चालली, अजून शब्द थोडे आहेत, चाल डुगडुगती आहे. कुणीतरी सतत तिच्यावर डोळा ठेवून असायला हवं, आणि नीरज-केतकी नोकरीला. मी राहिले. कलमांना मोहोर आला, आंबा उतरला, पुन्हा मोहोर आला. सुमन फोनवर विचारायची, "कधी येताय?" मी म्हणायचे, बघू. मग ती विचारायची बंद झाली, आणि ते मला जास्त लागलं. रत्नागिरीचा उन्हाळा, तो घामट उष्मा, मुक्ताला सोसणारा नाही. तिला सोडून मी जाऊ शकत नव्हते, तिला घेऊन जाण्याची छाती नव्हती. घर की नात, यातलं एकच माझ्या वाट्याला उरणार, अशी मी मनाची तयारी करत होते. इथे सोसायटीच्या बागेत माझ्यासारख्या पुष्कळ जणी बाकावर बसलेल्या असतात, नागपूरच्या, सांगलीच्या, बेळगावच्या. कुणी कुणाला "परत कधी?" म्हणून विचारत नाही. तुमच्यातल्या ज्या अशा बाकांवर बसल्या असतील, त्यांना ठाऊक आहे.

एक दिवस सुमनचा व्हिडिओ कॉल आला. "ते फिट आली तर काय करायचं ते मला शिकवा," म्हणाली. मी उडवून लावलं. तिनं केतकीला फोन केला. मग दर रविवारी दोघींची शिकवणी: मुक्ता समजून उशीला कुशीवर वळवणं, पाच मिनिटं झाली का ते घड्याळात बघणं, नाकात फवारायच्या औषधाची रिकामी बाटली दाबून बघणं. केतकीनं ती रिकामी बाटली कुरिअरनं पाठवली होती. "उशी आता बरी आहे," सुमन मला कळवायची.

गेल्या जानेवारीत, हवा गार असताना, आम्ही मुक्ताला घेऊन रत्नागिरीला गेलो. तिसऱ्या दिवशी नीरज-केतकी गणपतीपुळ्याला दर्शनाला गेले. मी आत नारळ खोवत होते. सुमन खळ्यात पापड वाळत घालत होती आणि मुक्ता कोंबडीच्या मागे. एकाएकी मुक्ताचा आवाज थांबला.

मी धावत आले. मुक्ता सारवलेल्या जमिनीवर, कुशीवर. सुमन गुडघ्यांवर, एक हात तिच्या डोक्याखाली, नजर मनगटावरच्या घड्याळावर. मी ओरडणार तेवढ्यात ती वर न बघता म्हणाली, "आवाज नको वहिनी. मी बघत्ये." शेजारची कमल फोडलेला कांदा हुंगवायला घेऊन धावत आली. सुमन म्हणाली, "तो आमटीत घाल." झटके थांबेनात. पाच मिनिटं झाली तशी तिनं कमरेला खोचलेल्या बाटलीचं बूच काढलं आणि औषध नाकात फवारलं. थोड्या वेळानं मुक्ताचा हात सैल पडला, श्वास लांब झाला. मग सुमननं पदरानं तिची लाळ पुसली.

मी पोरीला उचलायला वाकले.

"राहू दे. आत्ताशी झोप लागल्ये," सुमन म्हणाली. "तुम्ही आत जा. चुलीवर आमटी आहे."

मला कुणी विचारलं, घर म्हणजे काय, तर हायस्कुलातल्या बाईंनी व्याख्या दिली असती. मला ती येत नाही. मी एवढंच सांगू शकते, की मुक्ता आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मी तिच्याकडे पाठ केली आणि आत गेले.