चमचाभर तारा

तारांगणाच्या दारावर तिकिटं तपासणारे काका एकोणीस वर्षं आतला कार्यक्रम बाहेरूनच ऐकत आले होते. एके दुपारी निवेदिकाबाईंचा घसा बसला, आत दोनशे माणसं खोळंबली, तेव्हा व्यवस्थापकांनी काकांनाच माइकपुढे उभं केलं.

काकांनी सुरुवात झोकात केली. "न्यूट्रॉन तारा इतका घट्ट असतो, की त्यातला चमचाभर भाग वजनाला डोंगराएवढा भरेल."

"मग चमचा मोडणार नाही का?" पुढच्या रांगेतल्या आजींनी विचारलं.

"मोडणारच. म्हणून तर कोणी आणायला जात नाही."

हशा पिकला आणि प्रश्नांची झोड उठली. कृष्णविवराच्या आत काय असतं? त्यात पडलेल्या वस्तूचं पुढे काय होतं? काकांचं पाठांतर संपलं होतं. घाम पुसत ते म्हणाले, "माहीत नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही अजून नक्की माहीत नाही." असं ते सात वेळा म्हणाले. नोकरी गेलीच, असं त्यांना वाटलं. पण टाळ्यांचा कडकडाट झाला आणि रविवारचा कार्यक्रम कायमचा त्यांच्याकडे आला.

घरी येऊन त्यांनी हे मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं.

"सात वेळा?" ती थक्क झाली. "लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्यासमोर एकदा तरी म्हणालात का?"