मेक्सिको न पाहिलेले मेक्सिकोकर

शनिवार, ८ नोव्हेंबर. एसीच्या जाळ्या धुवायला काढल्या. फरशीवरून वाळूचं पिवळट पाणी वाहायला लागलं, तशी मेक्सिकोकरांची आठवण झाली. आता ते सांगलीला असतात.

हे त्यांचं आडनाव नव्हे. इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात ते मेक्सिकोच्या राजकारणाचा अंदाज बांधायचे, म्हणून आम्ही मराठी मंडळींनी ठेवलेलं नाव. कंपनी तिकडे सोलर पॅनेल विकायची. ते स्वतः मेक्सिकोला कधीच गेले नव्हते. पण रोज ऊन उतरलं की खिडकीशी उभे राहून म्हणायचे, "तिथे आत्ता उजाडतंय. पावाच्या भट्ट्या पेटल्या असतील." बाहेर धुळीत टॉवर विरघळत असायचे. क्षणभर मलाही तो पाव भाजल्याचा वास यायचा. मग भानावर येऊन मी अल कुसैसची बस गाठायला धावायचे.

"उमेदवार काय बोलतो ते नंतर, त्याला काय सोडता येत नाही ते आधी," असं ते म्हणत. ते शोधायची त्यांची पद्धतही न्यारी. समोरच्यालाच उमेदवार करायचं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, तेव्हा आघाडीवरच्या उमेदवारबाईंच्या खुर्चीत मला बसवलं. माझं काम खरं तर अहवाल नीटनेटके करून हेड ऑफिसला पाठवण्याचं.

"बाई, तुम्ही निवडून आलात. म्हाताऱ्यांची पेन्शन बंद करणार?"

"कशी करू? त्याच मतांवर आले ना."

"खासगी कंपन्यांना वीज विकू देणार?"

"भाषणात तर हो म्हटलंय."

"भाषण सोडा. तुमचा पक्ष इतकी वर्षं काय सांगत आलाय?"

"वीज देशाची."

"मग?"

मागून कुणीतरी पदर धरून ठेवल्यासारखं वाटलं.

"थोडी देईन," मी म्हटलं. "पण किल्ली माझ्याकडेच."

"खलास. हेच लिहितो."

लिहिलंही. खासगी वीज प्रकल्प होणार नसतील, तर आमची पॅनेल घेणार कोण? म्हणजे मेक्सिकोचं डेस्क बंद, त्यांची नोकरी बंद, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. मुलगी ऊद मेथाच्या शाळेत बारावीला होती.

आमचे हैदराबादी मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, थोडा पॉझिटिव्ह कर दो ना. भाषण में तो सोलर बोली है. उनका भी भला होगा."

बोलणं काही चुकीचं नव्हतं. संध्याकाळी मी मेक्सिकोकरांना सरळ विचारलं, "एक परिच्छेद मऊ करते. वर्ष निघेल, लेकीची बारावी पार पडेल. करू?"

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, गेले मेक्सिकोला.

"लेकीला विचारलं मी," ते म्हणाले. "म्हणाली, बाबा, जस्ट सेंड इट. आजीकडे राहून देईन परीक्षा."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"त्या खुर्चीत तुम्ही बसला होतात, बाई. तुमचं उत्तर बदललंय का?"

"नाही."

"मग मला काय विचारता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर ऑफिसला गेले. अहवाल जसाच्या तसा हेड ऑफिसला पाठवला, मॅनेजरना प्रत टाकली, आणि दोन चहा घेऊन मेक्सिकोकरांच्या टेबलाशी जाऊन बसले.