शेजारच्या सीटवरून

शारजाहून दुबईला ऑफिसला मी आणि आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ, दोघे माझ्याच गाडीतून जातो. शेजारी बसून ते बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर राजकारणाच्या वादात मला ‘विकले गेलेले’ असं लिहितात आणि विचारतात, “एसी कमी करू का हो? तुम्हाला सर्दी आहे.” पार्किंगमध्ये मी तसंच खरमरीत उत्तर टाइप करतो, तोवर ते माझा डबा धरून उभे राहतात.

परवा आई गेल्याचा फोन आला. तिकीट त्यांनीच काढलं, विमानतळावर सोडलं. “पोचलात की कळवा,” म्हणाले आणि चष्मा पुसला.

मुंबईत उतरून फोन चालू केला. ग्रुपवर त्यांचा मेसेज होता, ‘उत्तर नाही, म्हणून पळाले.’

मी त्यांना वेगळं ‘पोचलो’ कळवलं. लगेच जोडलेले हात आले.

मग टॅक्सीत बसून मी ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं.