खुट्टमिस्त्री आणि लेकीची थरथरणारी जीप

मिस्त्रीचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून त्याच्याकडे कोणी येत नसे. गाडीत कुठे खुट्ट वाजलं की ती खुट्टमिस्त्रीकडे न्यायची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. डोंगरातल्या दगडधोंड्यांवरून चालणाऱ्या जीपांचं स्टेअरिंग आणि पुढची चाकं हे त्याचं काम, आणि संशय हा त्याचा स्वभाव. "गाडी कुठे आपटली नाही ना?" असं तो प्रत्येकाला विचारी आणि जो "नाही" म्हणेल त्याची गाडी आधी जॅकवर घेई. दुधात पाणी असणार आणि पाहुण्याच्या गोड बोलण्यामागे काम असणार, हे तो धरूनच चाले. बायको म्हणायची, "आरशात तरी स्वतःची ओळख पटते का हो तुम्हाला?" यावर तो म्हणे, "आरसा कुठल्या दुकानातला, त्यावर आहे."

त्याची एकुलती एक मुलगी जनावरांची डॉक्टर होती. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये गाई-शेळ्या तपासत हिंडायची. एका दुपारी ती एक जुनी जीप घेऊनच गॅरेजात शिरली. विकत घेतली होती, आणि बापाला पत्ता नव्हता.

"बाबा, खड्ड्यातून गेलं की स्टेअरिंग जरा हलतं. मोठा स्टॅबिलायझर बसवून द्या, म्हणजे झालं."

"कोणाकडून घेतलीस?"

"मोजणी खात्यातले एक आजोबा आहेत, निवृत्त झालेले. सज्जन माणूस."

सज्जन म्हटल्यावर मिस्त्रीच्या भुवया वर गेल्या. तो गाडीखाली सरकला. खाली सगळीकडे चिखलाचे थर, गंजाचे पापुद्रे, आणि मधोमध स्टेअरिंगच्या दांड्याला लावलेला कोराकरकरीत स्टॅबिलायझर. शॉक अ‍ॅबसॉर्बरसारखीच ती नळी. स्टेअरिंगला बसणारे झटके गिळायचं काम तिचं. जवळच्याच एका ब्रॅकेटवर ताजा काळा रंगही फासलेला.

"अंघोळ नाही आणि अत्तर मात्र लावलंय," तो खालूनच म्हणाला. "मोठा बसवला तर थरथर दबेल, पण आतला रोग तसाच राहील. ज्यानं हा लावलाय त्यानं काहीतरी झाकलंय."

"तुम्हाला जग झाकलेलंच दिसतं," मुलगी म्हणाली. पण म्हणताना ती बापाकडे बघत नव्हती, एवढं त्याच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

खरा रोग दिसावा म्हणून त्यानं तो स्टॅबिलायझर काढून ठेवला, चाकांतली हवा तपासली आणि दोघं खाणीच्या रस्त्याला लागले. गाडी मुलगी चालवत होती. पहिला मोठा खड्डा आला आणि पुढची दोन्ही चाकं पिसाटल्यासारखी डावी-उजवी नाचायला लागली. स्टेअरिंग हातात ठरेना, दारं खडखडली, मिस्त्रीचा चष्मा मांडीवर पडला. "ब्रेक—" तो ओरडणार, एवढ्यात मुलीनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढला, स्टेअरिंगशी झोंबाझोंबी न करता ते नुसतं सरळ धरलं आणि वेग उतरू दिला. थरथर थांबली. मिस्त्रीची काही थांबेना. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"घाबरली नाहीस?"

"घाबरून काय करणार?"

हे उत्तर त्याला खटकलं. पण डोक्यात म्हातारा होता. माझ्या पोरीच्या गळ्यात हे मरण बांधलं, आता बघतोच त्याला, असं म्हणत त्यानं काढलेला स्टॅबिलायझर पोत्यात गुंडाळला आणि तडक त्या आजोबांचं घर गाठलं.

दार आजोबांनीच उघडलं. मिस्त्रीनं पोतं उंबऱ्यावर आपटलं. "हा कशासाठी लावला होता?"

"गॅरेजवाल्यानं सांगितलं म्हणून. काही उपयोग झाला नाही." आजोबा त्याच्याकडे निरखून बघत राहिले. "तुम्ही डॉक्टरीणबाईंचे वडील का? मग तिनं सांगितलं नाही तुम्हाला? मी तिला त्याच रस्त्यावर नेऊन दाखवलं होतं. म्हटलं, बाई, ही थरथर मला झेपत नाही म्हणून विकतोय. ती म्हणाली, माझे वडील यातले दादा आहेत."

"आणि तो ताजा रंग?"

"गंज चढत होता. घराच्या फाटकाला लावून उरला होता तो." अंगणातलं फाटक त्याच काळ्या रंगाचं होतं. मिस्त्रीनं तिथेही बोट लावून पाहिलंच.

घरी परतला तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात आईला भाजी चिरून देत होती. तो दारात उभा राहिला. "म्हणजे तुला माहीत होतं."

सुरी थांबली. "हो."

"आणि तशीच डोंगरावर हिंडलीस?"

"दोनदा गेले. हळू चालवली."

"अहो, मलाही माहीत होतं," बायको म्हणाली. तो भिंतीला टेकला. आयुष्यभर त्यानं जगावर पाळत ठेवली आणि फसला तो स्वतःच्या स्वयंपाकघरात.

"सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही घेऊच दिली नसती," मुलगी म्हणाली. "माझी प्रत्येक गोष्ट तुम्ही अशी जॅकवर चढवता. मैत्रिणी, नोकरी, सगळं. तुम्ही संशय घेता म्हणून लोक लपवतात, बाबा."

"लोक लपवतात म्हणून मी संशय घेतो."

"मग आधी कोण थांबणार?"

तो न जेवताच झोपायला गेला. रागापेक्षा त्याला ती डोंगराची वळणं जास्त छळत होती, ज्यांवरून ती त्या चाकांनिशी एकटी गेली होती.

सकाळी मुलगी आपण होऊन गॅरेजात आली. जुने कपडे घालून. एरवी त्यानं कोणाला गाडीखाली जाऊ दिलं नसतं, पण त्या दिवशी तो मुकाट्यानं सीटवर बसला आणि इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिला. खाली ती एकेका सांध्यावर हात ठेवून बघत होती. टाय रॉडचे सांधे घट्ट, बॉल जॉइंट ठीक. मग गाडीच्या सांगाड्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत गेलेला आडवा दांडा, ट्रॅक बार, त्यावर हात गेला.

"बाबा, इथे बोटाला ठोका लागतोय. बोल्ट आतल्या आत सरकतोय."

"नीट बघ. टाय रॉड असेल."

"बघितलं म्हणते ना!"

तरी तो उतरून स्वतः खाली गेलाच. तिचंच बरोबर होतं. रंगवलेल्या त्याच ब्रॅकेटमध्ये बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं. अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडाच ढिला, म्हणून खड्डा आला की चाकं नाचायची. रंगानं काही लपवलं नव्हतं. बोल्टचं डोकं भोकावर बसलं होतं, म्हणून वरून दिसत नव्हतं इतकंच.

"जनावरं बोलत नाहीत," ती खालून म्हणाली. "मला हातानं चाचपूनच कळतं."

नवं ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवलं, बोल्ट घट्ट आवळला, चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झाली. मग स्टॅबिलायझर न लावताच दोघं पुन्हा खाणीच्या रस्त्याला गेले. त्याच खड्ड्यातून त्यानं तिला परत परत जायला लावलं. चाकं नाचली नाहीत.

"मग आता स्टॅबिलायझर कशाला?" तिनं विचारलं.

"दगडावर चाक आदळलं की स्टेअरिंग झटक्यानं फिरून अंगठा मोडतं. त्यासाठी. रोग झाकायला नव्हे."

आधीचा आजोबांच्या उंबऱ्यावरच राहिला होता. स्पेअर पार्टच्या दुकानात तिनं सगळ्यात जाड, गॅस भरलेला उचलला. त्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला. हा दांडी सतत बाहेर ढकलतो, गाडी एका अंगाला ओढते आणि वळणानंतर स्टेअरिंग जडपणानं परत येतं, असं त्यानं सांगितलं. साधा तेलाचा घेतला. दुकानदारासमोरच तो सावकाश दाबून-ओढून बघितला, दोन्हीकडे सारखाच जोर लागतो का, मध्ये कुठे पोकळ तर जात नाही ना. तीन नग परत केले. दुकानदार कपाळाला हात लावून बसला. घरी आल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मापलं. चाक अडण्याआधी नळी अडता कामा नये. "ही युक्ती बाकी कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला आणि आपणच लपवायला सांगतोय हे कळून स्वतःच हसला.

ती पुन्हा डोंगरावर जायला लागली. त्यानं कुठे, कोणाबरोबर, कधी येणार, हे विचारायचं सोडलं असं नाही, पण उत्तर मिळाल्यावर दुसऱ्यांदा विचारत नसे. असंच एकदा संध्याकाळी तिनं गाडी गॅरेजात लावली आणि खाली उतरायच्या आधीच सांगून टाकलं, "मागचं डावं चाक दगडाला घासलं. माझीच चूक. बघा जरा."

मिस्त्रीनं मागचं डावं चाक बघितलं. रिमला जरा पोचा होता, बाकी ठीक. मग तो हळूच उरलेल्या तीन चाकांभोवतीही एक चक्कर मारून आला. मुलगी बघत होती. तिनं हसून हात पुसायचं फडकं पुढे केलं.