अठराच्या शेजारी सतरा

“मॅडम, नकाशा सही आहे की मी?”

गोपाळकाकांनी लोखंडी पाना माझ्या टेबलावर ठेवला. काका पाण्याच्या लाइनीवरचे व्हॉल्व्ह उघड-बंद करतात. त्या सकाळी फूलबागेकडची लाइन फुटली, म्हणून त्यांनी आमच्या नव्या नकाशात जिथे सतरा लिहिलं होतं, तो व्हॉल्व्ह बंद केला. फुटलेली लाइन वाहतच राहिली आणि कोरडं पडलं दौलतगंज.

दौलतगंजात माझं सासर. त्या दिवशी तिथे सत्यनारायण होता. सासूबाईंचा फोन काकांच्या आधीच येऊन गेला होता. “माधवी, पाहुण्यांना काय सांगू? सुनेनं नळ बंद केलाय?”

झालं होतं असं. पाणीपुरवठ्याचे दोन झोन एकत्र केले होते, आणि दोन जुन्या नकाशांचा एक डिजिटल नकाशा करायचं काम आमच्या छोट्या खासगी ऑफिसला मिळालं होतं. प्रत्येक व्हॉल्व्ह म्हणजे एक ठिपका. त्याच्या शेजारचा नंबर म्हणजे लेबल. लेबल ठिपक्याच्या कुठल्या बाजूला बसवायचं, हे सॉफ्टवेअर ठरवतं. आधी उजवीकडे वर बघतं. तिथे जागा नसेल तर चहूबाजूंनी फिरून शोधतं.

मी स्क्रीनवर त्या भागातल्या, लष्कर वस्तीतल्या गल्ल्या मोठ्या करून पाहिल्या. सतराला स्वतःजवळ जागा मिळाली नव्हती, म्हणून तो अठराच्या ठिपक्याला खेटून बसला होता. आणि अठराचा नंबर? गायब. काकांनी सतरा समजून दौलतगंजचा अठरा बंद केला होता.

“काका, तुम्ही बरोबर. पण तुम्हाला तर सगळे व्हॉल्व्ह पाठ असतात ना?”

“माझ्या झोनमधले. इकडे मला पाठवून आठवडा झाला, बेटा. आता आमचे पाणीखात्याचे साहेब म्हणतात, लिखकर दो, गलती तुमची. रिटायरमेंटला चार महिने राहिलेत.”

आमचे बॉस तिवारी सर डोकावले. “सॉफ्टवेअर की गलती है न? वही लिख दो.”

“सर, ‘गर्दी झाली तर लेबल लपवा’ ही टिक मीच लावली होती. आणि तुम्ही म्हणाला होतात, वाह, कितना साफ नक्शा है!”

“साफ तर आहेच,” काका म्हणाले. “माझा अठरा पण धुऊन निघाला.”

तिवारी सर हसले नाहीत. पण मी चूक आमची असल्याचं पत्र लिहिलं, तेव्हा दोनदा वाचून त्यांनी खाली सही केली. काकांना काही लिहून द्यावं लागलं नाही.

पुढचे तीन दिवस काका माझ्या शेजारी बसले. बिननंबरचा ठिपका ठेवायचा नाही, हे पहिलं ठरलं. नंबर दुसऱ्याच्या ठिपक्याजवळ जाता कामा नये. जागाच नसेल तिथे नंबर गर्दीबाहेर ओढायचा आणि बारीक रेघेनं आपल्या ठिपक्याला जोडायचा. सॉफ्टवेअरला हे सगळं येत होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नवा नकाशा पाहून तिवारी सर म्हणाले, “ये तो मकड़ी का जाला हो गया.”

“होऊ द्या,” काका म्हणाले. “मला वाचता येतोय.”

तोच नकाशा मंजूर झाला. तेव्हापासून कुणी माझ्या नकाशाला सुंदर म्हटलं, की मी धन्यवाद म्हणते आणि काय काय लपलंय ते शोधायला बसते.